तुमची हरकत जाते कुठे? वीजदराच्या जनसुनावणीची गोष्ट

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, दर काही वर्षांनी एक लांबलचक जाहीर सूचना छापून येते. अक्षर इतके बारीक, की चष्मा लावूनही कागद डोळ्यांजवळ धरावा लागतो. वर वीज कंपनीचे नाव, मध्ये आकड्यांचे तक्ते आणि खाली एक ठरलेले वाक्य : या याचिकेवर कोणाच्या सूचना किंवा हरकती असतील, तर त्या अमुक तारखेपर्यंत लेखी सादर कराव्यात. त्याखाली जनसुनावणीची ठिकाणे, तारखा आणि वेळा.

बहुतेक घरांत ते पान तसेच उलटले जाते. पुढे काही महिन्यांनी बिल वाढून येते आणि सोसायटीच्या आवारात, पारावर, चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येते : ‘आपल्याला विचारतो कोण?’ विचारलेले असते. कायद्याने विचारावेच लागते. त्या विचारण्याला उत्तर कसे द्यायचे, दिलेले उत्तर कुठे जाते आणि त्याने नेमके काय बदलते, हे मात्र आपल्याला कोणी नीट सांगितलेले नाही. गेली काही वर्षे मी या सुनावण्यांना जाऊन बसतो. तिथे जे दिसले, त्यावरून सांगतो.

आधी विजेचे बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर राज्य सरकारचे वीज शुल्क. घरगुती ग्राहकाला हे शुल्क १६ टक्के. शुल्क हा कर आहे, तो सरकार ठरवते. बाकीचे दर ना सरकार ठरवते, ना वीज कंपनी. ते ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. हा आयोग १९९९ साली स्थापन झाला. अध्यक्ष आणि दोन सदस्य, कार्यालय मुंबईत कफ परेडला. पूर्वी असे काही नव्हते. १९४८ च्या कायद्याखाली राज्य विद्युत मंडळ स्वतःच दर ठरवी, मंत्रालयाचा शब्द त्यात चाले आणि ग्राहकाला कळे ते थेट बिलावर. मंडळाचा खर्च किती, त्यातला रास्त किती, हे तपासण्याची जागाच नव्हती.

अशी जागा का हवी, हे महाराष्ट्राला दाभोळने शिकवले. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आला. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने त्याच्याशी वीज खरेदी करार केला. करार लोकांपुढे ठेवला गेला नाही. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज देण्यास नकार दिला होता, तरी गाडी पुढे गेली. पुण्यात १९९४ साली ‘प्रयास’ ही संस्था सुरू झाली होती. तिथल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे या अभ्यासकांनी मिळेल त्या कागदांवरून हिशेब मांडायला सुरुवात केली. करारात दोन कळीच्या गोष्टी होत्या. प्रकल्प वीज द्यायला तयार असला, की ती घेतली नाही तरी मंडळाने ठरलेली मोठी रक्कम मोजायची. आणि रकमेचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की वीज महाग. ही वीज काय दराने पडेल, मागणी तेवढी नसेल तर मंडळाचे काय होईल, हे त्यांनी १९९५ मध्येच आकड्यांनी दाखवले.

त्या आकड्यांना तेव्हा दरवाजा नव्हता. अभ्यास छापता येत होता, सभा घेता येत होती, कोर्टात जाता येत होते. पण ‘हा आकडा चूक आहे की बरोबर, उत्तर द्या’ असे विचारून उत्तर मिळवता येईल असे ठिकाण राज्यात नव्हते. १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, पुन्हा वाटाघाटी करून तो जिवंतही केला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबवले. जाणत्या माणसांनी आधी सांगितलेले खरे ठरायला सहा वर्षे आणि प्रचंड पैसा लागला.

आयोग याच काळात आला. केंद्राने १९९८ मध्ये वीज नियामक आयोगांचा कायदा केला आणि पुढे २००३ च्या वीज कायद्यात तो सामावला गेला. या कायद्याची तीन कलमे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कलम ६४ म्हणते, की दराची याचिका कंपनीने प्रसिद्ध केली पाहिजे आणि लोकांकडून आलेल्या सर्व सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यावा. कलम ८६ आयोगावर पारदर्शकपणे काम करण्याचे बंधन घालते. आणि कलम ९४ मधली एक तरतूद सांगते, की ग्राहकांच्या हिताची बाजू मांडण्यासाठी आयोग कोणालाही अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमू शकतो. या शेवटच्या तरतुदीचा महाराष्ट्राने चांगला उपयोग केला. प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन यांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. दोन अभ्यासू नागरी संस्था आणि दोन उद्योजकांच्या संघटना. यांचे हितसंबंध एक नाहीत, आणि ते तसे असणेच बरे.

आता याचिकेच्या पोटात शिरू.

वीज मंडळाच्या जागी आलेली वितरण कंपनी महावितरण किंवा मुंबईतली एखादी वीज कंपनी आयोगाकडे येते, तेव्हा तिचे म्हणणे थोडक्यात असे असते : पुढच्या वर्षांत आम्हाला इतका खर्च येणार आहे, तो भागवण्यासाठी दर असे असावेत. या खर्चाच्या बेरजेला वार्षिक महसुली गरज म्हणतात. तिच्यात सगळ्यांत मोठा घास वीज खरेदीचा. मग पारेषणाचे शुल्क, पगार, देखभाल, कर्जावरचे व्याज, घसारा आणि भांडवलावरचा परतावा. एकेका वर्षाऐवजी अनेक वर्षांचा हिशेब एकदम होतो. २०२५-२६ ते २०२९-३० असा पाच वर्षांचा टप्पा सध्या चालू आहे, आणि मध्ये एकदा मध्यावधी आढावा होतो. मागच्या वर्षांचा खरा खर्च मंजूर खर्चाशी ताडून पाहिला जातो आणि राहिलेला फरक पुढच्या दरात येतो. ‘मागची थकीत वसुली’ म्हणून जे कानावर येते, ते हेच.

खर्चातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवून पाहू, म्हणजे हिशेब कसा वळतो ते दिसेल. समजा, कंपनीने १०० युनिट वीज ५ रुपये दराने विकत घेतली. खर्च ५०० रुपये. तारांतून, रोहित्रांतून येताना काही वीज उष्णतेत जाते, काही चोरीला जाते. त्याला आपण वीजगळती म्हणतो. गळती १० असेल, तर ९० युनिट विकली जातात आणि प्रत्येक युनिटवर खरेदीचा बोजा पडतो सुमारे ५ रुपये ५६ पैसे. गळती २० असेल, तर तोच बोजा ६ रुपये २५ पैसे. कंपनीने एक पैसाही जादा खर्च केलेला नाही, तरी प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला युनिटमागे ६९ पैसे जास्त मोजावे लागतात. म्हणून आयोग गळतीची मर्यादा ठरवून देतो. तिच्यापेक्षा जास्त गळतीचा सगळा भार ग्राहकावर टाकता येत नाही.

याचिका दाखल झाली की लगेच जनसुनावणी होत नाही. आधी तांत्रिक पडताळणीची बैठक होते. मला विचाराल, तर सगळ्या प्रक्रियेतला हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे, आणि वर्तमानपत्रात त्याची एक ओळही येत नाही. एका टेबलाभोवती आयोगाचे अधिकारी, कंपनीचे अभियंते आणि हिशेबनीस, आणि ग्राहक प्रतिनिधी बसतात. समोर एक्सेलचे तक्ते. ‘या रकान्यातली वाढ कशामुळे?’, ‘हे केंद्र वर्षभर बंद होते, मग त्याचा स्थिर आकार का दिला?’, ‘मागच्या याचिकेत हाच आकडा वेगळा होता, कोणता खरा?’ असे प्रश्न. इथे भाषण चालत नाही. ज्याने पाचशे पाने वाचली आहेत, तोच बोलू शकतो. उणिवांची यादी निघते, कंपनीला माहिती पुरवावी लागते, कित्येकदा याचिकाच सुधारून द्यावी लागते. मग ती लोकांसमोर येते. तज्ज्ञाचे काम अशा रीतीने लोकांच्या आधी सुरू होते. लोकांच्या हाती पडणारा कागद वाचण्याजोगा आणि खरा असावा, यासाठी.

त्यानंतर ती बारीक अक्षरातली सूचना. मराठी आणि इंग्रजी दैनिकांत ती द्यावी लागते, संपूर्ण याचिका कार्यालयात आणि संकेतस्थळावर ठेवावी लागते आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. सारांश मराठीत असतो, मुख्य याचिका इंग्रजीत. ही गोष्ट मला आजही खटकते. ज्या शेतकऱ्याच्या पंपाचा हिशेब त्या याचिकेत मांडलेला आहे, त्याला तो तक्ता आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे. निदान शेती, घरगुती आणि यंत्रमाग या वर्गांची प्रकरणे तरी पूर्ण मराठीत द्यायला काय हरकत आहे?

शेतीपंपाचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबू. ही जागा नीट कळली, की जाणकाराचा प्रश्न काय करू शकतो ते कळते.

राज्यात शेतीपंपांची संख्या आज चाळीस लाखांहून अधिक आहे. त्यांतल्या अनेकांना वर्षानुवर्षे मीटर नव्हते आणि बिल मोटरच्या हॉर्सपॉवरवर येई. मीटर नाही म्हणजे पंपाने खरोखर किती वीज घेतली, हे कोणालाच माहीत नाही. मग ती अंदाजाने धरायची. आता हा हिशेब पाहा. उदाहरणापुरते धरू, की मंडळाने १०० युनिट वीज तारांत सोडली. मीटर असलेल्या ग्राहकांनी त्यांतली ५० घेतली. उरली ५०. त्या ५० मध्ये दोन गोष्टी आहेत : बिनमीटरच्या पंपांचा वापर आणि गळती. दोन्ही मोजलेल्या नाहीत. शेतीने ३२ वापरली असे लिहिले, तर गळती १८ होते आणि मंडळ कार्यक्षम दिसते. शेतीने १९ वापरली असे धरले, तर गळती ३१ होते. जमिनीवर काहीच बदललेले नाही. लेखणीच्या एका फटक्याने चोरी आणि निष्काळजीपणा शेतकऱ्याच्या नावावर जातो.

वीज मंडळ वर्षानुवर्षे आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत आले होते. आयोगापुढे पहिली दरयाचिका आली, तिची सुनावणी झाली आणि मे २००० मध्ये आदेश निघाला. त्या प्रक्रियेत हा अंदाज उलगडून पाहिला गेला आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे अधिकृतपणे कागदावर आले. बंद दाराआड जे इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते, ते उघड सुनावणीत विचारले गेले, आणि उत्तर द्यावे लागले. माझ्या मते महाराष्ट्रातल्या वीजक्षेत्राच्या इतिहासात याहून महत्त्वाचा दिवस शोधायला कष्ट पडतील.

हा अंदाज उलगडायचा तरी कसा? इथे अभ्यासक आणि शेतकरी एकमेकांना लागतात. पाच एचपीची मोटर तासाला साधारण चार-साडेचार युनिट वीज घेते. वर्षाला ती १,२०० तास चालली तर सुमारे पाच हजार युनिट, १,९०० तास चालली तर आठ हजारांच्या आसपास. फरक पंपामागे तीन हजार युनिटांचा, आणि पंप लाखांनी. म्हणजे सगळा वाद तासांचा आहे. तास कोण सांगणार? ज्याच्या शेतात मोटर आहे तो. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी पाळीने मिळत आली आहे. रोज आठ तास धरले तरी वर्षाचे २,९२० तास. त्यातून पावसाळ्याचे महिने वजा करा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो ते दिवस वजा करा. रान मोकळे असते तो काळ, डीपी जळून पंधरा-पंधरा दिवस अंधार असतो तो काळ, एक फेज गेलेली असते त्या रात्री, हेही वजा करा.

एका सुनावणीत एक वयस्कर शेतकरी आले होते. हातात शाळेची दोनशे पानी वही. तिच्यात दर दिवसाची एक ओळ : वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, मोटर चालली की नाही. निळ्या पेनाने, मध्येच पेन्सिलीने, एका पानावर चिखलाचा अंगठा. बोलताना ते अडखळत होते, पण मागच्या रांगेतून ग्राहक संघटनेचे एक कार्यकर्ते पुढे आले आणि म्हणाले, ‘काका, या वहीच्या झेरॉक्स काढून निवेदनाला जोडा.’ त्या क्षणी ती वही पुरावा झाली. उपकेंद्रातल्या फीडरच्या मीटरशी अशा वह्या ताडून पाहता येतात. फीडरवर एकूण किती वीज सुटली, ते तिथे मोजलेले असते. त्या फीडरवर पंप किती, ते माहीत असते. मग कागदावरचे तास आणि शेतातले तास यांत किती अंतर आहे, ते लपत नाही. वर्षानुवर्षे हा मुद्दा सुनावणीमागून सुनावणीत येत राहिला. अखेर आयोगाने शेतीच्या वीजवापराचा अभ्यास करण्यासाठी कार्यगट नेमला आणि २०२० च्या आदेशात शेतीचा वापर ठरवताना त्याचा अहवाल विचारात घेतला. वीस वर्षे लागली. हा वेग मला मान्य नाही, पण दिशा तरी या दारातूनच मिळाली.

लोकांकडून माहिती गोळा करून ती सत्तेपुढे मांडणे पुण्याला, महाराष्ट्राला अगदीच नवे नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळात गावोगाव माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले, ते त्या खर्चाचे आकडे पाठ करूनच. त्या काळी ऐकणे सत्तेच्या मर्जीवर होते. आज ते कायद्यात आहे.

सुनावणीचा दिवस. महावितरणची सुनावणी नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी होते. सकाळी दाराशी नाव नोंदवायचे. आधी लेखी हरकत दिली असेल तर तुमचे नाव यादीत असतेच. नसली, तरी ऐन वेळी बोलू देण्याची पद्धत आहे. समोर व्यासपीठावर आयोगाचे सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी. सुरुवातीला कंपनी पडद्यावर आपली याचिका समजावून सांगते. मग एकेक नाव पुकारले जाते. इचलकरंजी-मालेगावचे यंत्रमागधारक, शीतगृहांचे मालक, पाणीपुरवठा योजना चालवणाऱ्या ग्रामपंचायती, सोसायट्यांचे सचिव, छतावर सौर पॅनेल बसवलेले लोक, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते. मराठीत बोललेले चालते, आणि बहुतेक जण मराठीतच बोलतात.

निम्मे लोक आपल्या बिलाची तक्रार घेऊन येतात. मीटर जोरात पळतो, सरासरी बिल येते, जोडणी मिळत नाही. तक्रारी खऱ्या असतात, माणसे लांबून आलेली असतात, आणि सदस्य ऐकूनही घेतात. पण दर ठरवण्याच्या हिशेबात त्या तक्रारीला रकाना नसतो. तिच्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. हा फरक सूचनेतच ठळक छापला पाहिजे. कोणी दोनशे किलोमीटर प्रवास करून यावे आणि आपण चुकीच्या दाराशी उभे होतो हे त्याला तिथे कळावे, हे मला पाहवत नाही.

आता हरकत कशी लिहायची ते. ‘प्रस्तावित दरवाढ अन्यायकारक असून ती तत्काळ रद्द करावी’ असे लिहिले, तर आदेशात एवढेच येते, की अनेकांनी दरवाढीला विरोध केला. त्यावर उत्तर देण्यासारखे काही नसते, म्हणून उत्तर मिळत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘याचिकेच्या अमुक क्रमांकाच्या तक्त्यात पुढील वर्षासाठी वितरण हानी इतकी धरली आहे. मागील आदेशात आयोगाने त्याच वर्षासाठी याहून कमी हानी मंजूर केली होती. फरकाचे कारण याचिकेत आढळले नाही. या फरकामुळे किती जादा वीज विकत घ्यावी लागेल आणि तिचा खर्च किती, ते कंपनीने सांगावे; तो खर्च ग्राहकांवर टाकू नये.’ चार वाक्ये. तक्त्याचा क्रमांक, मागच्या आदेशाचा आधार, प्रश्न आणि मागणी. याला कंपनीला लेखी उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर तुम्हालाही मिळते. ते पटले नाही, तर त्यावर पुन्हा लिहिता येते.

यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याची चिकाटी लागते. मागचा आदेश आणि नवी याचिका. जिथे आकडा उडी मारतो, तिथे पेन्सिलीची खूण करायची. एकट्याने होत नसेल तर चौघांनी प्रकरणे वाटून घ्यावीत. प्रताप होगाडे यांच्यासारखे कार्यकर्ते आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना हरकतींचे मुद्दे मराठीत मांडतात. त्यांतला आपल्याला लागू होणारा मुद्दा घेऊन त्याला आपल्या गावचा, आपल्या फीडरचा पुरावा जोडला, की हरकतीला वजन येते. एकच छापील नमुना हजार सह्यांनी पाठवण्यापेक्षा हे दसपटीने उपयोगी.

सुनावणीतून नकारच निघतो असे नाही, नवी कल्पनाही निघते. २००६ मध्ये राज्यभर भारनियमन होते आणि पुणे रोज काही तास अंधारात. शहरातल्या उद्योगांकडे स्वतःचे डिझेल जनित्रसंच पडून होते. उद्योजकांच्या सीआयआय या संघटनेने पुढाकार घेऊन प्रस्ताव मांडला : गर्दीच्या वेळी कारखान्यांनी आपले संच चालवावेत, म्हणजे त्यांच्या वाट्याची ग्रीडची वीज शहराला मिळेल. डिझेलची वीज महाग. तो वरचा खर्च पुणेकर ग्राहकांकडून वेगळा आकार लावून घ्यावा. हे आयोगापुढे आले, त्यावर उघड सुनावणी झाली. खर्च कोणी सोसायचा, गरीब ग्राहकाचे काय, डिझेलचा हिशेब कोण तपासणार, असे प्रश्न आले. छोट्या घरगुती ग्राहकांना वगळून योजना मंजूर झाली आणि पुण्याचे भारनियमन थांबले. ‘पुणे पॅटर्न’ म्हणून तो पुढे ठाणे, नवी मुंबई, मुलुंड-भांडुप इकडेही गेला. ज्यांना पैसे देऊन उजेड विकत घेता येतो त्यांनीच तो घ्यायचा का, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो गंभीर आहे. पण तोही त्याच दालनात, सगळ्यांदेखत मांडला गेला.

या व्यवस्थेची भोके झाकून ठेवायची नाहीत. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर कलम ६५ प्रमाणे अनुदान आगाऊ द्यावे लागते. ते वेळेवर येत नाही तेव्हा कंपनीला कर्ज काढावे लागते आणि त्याचे व्याज कुठे जाते, याचा माग ठेवावा लागतो. आदेशावर नाराज असलेल्याला ४५ दिवसांत दिल्लीतल्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण त्यासाठी वकील आणि पैसा लागतो. तो कंपनीकडे असतो, आणि तोही आपल्याच बिलातून गेलेला. उदाहरण २०२५ चे. २८ मार्चला आयोगाने महावितरणचा बहुवार्षिक आदेश दिला, त्यात दर कमी केले होते. कंपनीने फेरविचार मागितला आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. २५ जूनला सुधारित आदेश आला. लोकांनी ज्या याचिकेवर महिनोन्‌महिने अभ्यास करून हरकती दिल्या, तिचा निकाल नंतरच्या टप्प्यात बदलतो. दर बदलणार असतील, तर फेरविचारालाही तीच उघड सुनावणी लावली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या दाराने विचारायचे आणि मागच्या दाराने ठरवायचे, असे झाले तर लोक वह्या लिहायचे सोडून देतील.

आदेश निघतो तो शेकडो पानांचा. वर्तमानपत्रे दरांचा एक तक्ता छापतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. आयोगाच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घ्या आणि आधी सूचना-हरकतींचे प्रकरण काढा. प्रत्येक विषयाखाली तीन भाग असतात : हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय. शेवटी परिशिष्टात हरकतदारांची नावे. कारखान्यांच्या आणि संघटनांच्या नावांमध्ये गावाकडची साधी नावेही असतात, रोमन अक्षरांत थोडी वाकडी झालेली. त्या वहीवाल्या काकांचे नाव मी असेच शोधले होते. ते सापडले. मग मागे जाऊन शेतीपंपांचे पान काढले. तासांचा त्यांचा मुद्दा तिथे होता, खाली कंपनीचे दोन परिच्छेदांचे उत्तर होते, आणि त्याखाली आयोगाने फीडरनिहाय आकडे सादर करण्यास सांगितले होते. त्या पानाची प्रिंट काढून मी त्यांना पोस्टाने पाठवली.